हळदीच्या फोटोंतला पिवळा

माझ्या लॅपटॉपला कोणी हात लावलेला मला चालत नाही. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही माझ्या भाच्याने, पुष्करने, त्यातलं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर मला न विचारता अपडेट करून ठेवलं आणि वर मलाच ऐकवलं, "आत्या, जुनं व्हर्जन कसलं स्लो होतं यार. थँक यू म्हण." त्याच्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं, मांडववाले, केटररवाले सगळे त्याच्या डोक्यावर, आणि या गाढवाला माझं सॉफ्टवेअर सुचलं. मी थँक यू म्हटलं नाही. आज त्याच गाढवपणाचे उपकार मानते, पण ते मनातल्या मनात.

मी अरुणा. लग्न केलं नाही, सरकारी नोकरी केली, आणि रिटायर झाल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे एक चांगला कॅमेरा घेतला. जयंतदादा, विनयावहिनी आणि मी एकत्रच राहतो. आधी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो, आता नोएडाच्या या टॉवरमध्ये. बिल्डरने इतकी वर्षं रखडवलेला हा फ्लॅट एकदाचा ताब्यात आला तेव्हा वहिनीने हौसेने सगळ्या खोल्यांत पिवळे दिवे लावून घेतले. "हॉटेलसारखं वाटतं," असं तिचं म्हणणं. मला त्या उजेडात सुईत दोरा ओवता येत नाही, पण माझं कोण ऐकतंय.

फोटोंच्या बाबतीत मात्र घरात माझाच शब्द चालतो. त्याचं गुपित सांगते. सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फिल्म रोलसारखे रंग देणारे तयार प्रीसेट असतात. आम्ही तरुणपणी रोल धुवून आणायचो तेव्हा फोटोंना जो रंग यायचा, तो एका क्लिकमध्ये येतो. त्यातला एक माझा फार लाडका. तो पिवळा रंग मवाळ करतो, गाल जरा गुलाबी करतो, आणि दात-डोळे कसे स्वच्छ पांढरे दिसतात. घरातले त्याला 'आत्याची फिल्म' म्हणतात. माझे फोटो बघून बायका विचारतात, कुठलं क्रीम लावतेस गं.

अवनी म्हणजे दादाची धाकटी, पुष्करची बहीण, माझी लाडकी. ती गुडगावला दोन मैत्रिणींबरोबर राहायची. पहाटे कॅबने ऑफिस, अंधार पडल्यावर परत, पाणी टँकरचं, जेवण डब्याचं. तिचं लग्न ठरलं पुण्याच्या अंशुमनशी. डिसेंबरातली तारीख त्याचे आजोबा गेल्यामुळे पुढे ढकलावी लागली, ती फेब्रुवारीवर गेली. तेव्हा बिरादरीत जी कुजबुज झाली ती वहिनीने फार मनाला लावून घेतली होती. "आता काही झालं तरी ही तारीख हलणार नाही," हे वाक्य ती उठताबसता म्हणायची. अवनीसमोरही.

लग्नाला तीन दिवस उरले तेव्हा अवनी घरी आली आणि आल्या आल्या झोपली. मध्यंतरी तिला ताप येऊन गेला होता, गोळ्या खाऊन तिने ऑफिस केलं होतं. केळवणं तर तिने सगळी वाया घालवली. लोकांनी हौसेने पुरणपोळ्या केल्या, श्रीखंड केलं, आणि ही ताटावर बसून दोन घास चिवडणार. मी म्हटलं, ही खात का नाही? बायका हसल्या. "सासरची ओढ लागली की भूक उडतेच," असं एकीने सांगितलं. "डाएट करतेय, लेहेंग्यात मावायला हवं ना," हे दुसरीचं. मलाही ते पटलं. लग्नघरात प्रत्येक गोष्टीला एक हसरं कारण तयार असतं.

हळदीचा मांडव सोसायटीच्या गच्चीवर होता. वर पिवळं कापड, बाजूंना पिवळी झालर, पाहुण्यांना पिवळ्या कपड्यांची सक्ती. त्या कापडातून येणारं ऊन आमच्या सगळ्यांच्या अंगावर पिवळंच पडत होतं. आमच्यात नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला लागते. नवऱ्याकडची मंडळी उतरली होती दिल्लीत करोल बागेत, तेव्हा अंशुमनची बहीण मयुरा स्टीलच्या डब्यात हळद घेऊन मेट्रोने आली. सिक्युरिटी चेकला डबा उघडून दाखवावा लागला, तो किस्सा ती सगळ्यांना रंगवून सांगत होती.

अवनी पाटावर बसली ती काळा गॉगल लावून. हल्ली म्हणे हळदीला गॉगल लावून फोटो काढायची फॅशन आहे. मी नाक मुरडलं, पण फोटो काढले. वहिनीने गालांना हळद लावली तेव्हा कोणीतरी ओरडलं, "अगं, गॉगल काढ, आईबरोबर नीट फोटो येऊ दे." अवनीने क्षणभर काढला, मी तीनचार क्लिक केले, तिने लगेच चढवला.

"काय तेज चढलंय पोरीला," वहिनीची बहीण कल्पना म्हणाली. "हळद अंगाला लागली नाही तोच खुलली बघा."

मग उखाण्याचा आग्रह सुरू झाला. अवनीने उखाणा स्वतः रचला होता आणि मला फोनवर दहा वेळा ऐकवला होता. तिने सुरू केला, "यमुनेच्या पुलावरून मेट्रो जाते नोएडाला..." आणि थांबली. सगळ्या बायका पुढे वाकल्या. अवनी इकडेतिकडे बघत राहिली. पुढे नवऱ्याचं नाव यायला हवं होतं, ते येईना.

"लाजली! लाजली!" एकच गिल्ला झाला. मयुराने तर टाळ्या पिटल्या. मीही हसले, आणि तो हसतानाचा फोटो काढला.

उठताना अवनी माझ्या कानाशी आली. तिच्या तोंडाला कसलासा गोडसर, शिळा वास येत होता. "आत्या, फोटो देशील तेव्हा तुझी ती फिल्म नक्की लाव हं. डोळे पांढरे येतात त्यात."

मला केवढं बरं वाटलं! माझ्या कलेची कदर करणारी घरात ही एकटीच, असं वाटलं मला. "लावते ना बाळा," मी म्हणाले.

दुपारी जेवणं झाली, पाहुणे पांगले, अवनी पुन्हा झोपली. फॅमिली ग्रुपवर फोटोंची मागणी सुरू झाली होती. मी माझ्या खोलीत लॅपटॉप उघडला, फोटो उतरवले आणि माझी फिल्म शोधायला गेले. फिल्म नव्हती. तीच काय, एकही फिल्म नव्हती. जिथे एवढी मोठी यादी असायची तिथे कोरी पट्टी.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! पुष्करला फोन केला. तो खाली मांडववाल्याशी हिंदीत भांडत होता. "आत्या, प्रीसेट कुठे जात नाहीत, फोल्डर बदलला असेल. शाम को देखता हूँ. अभी नहीं यार." माझ्याशीही हिंदीत बोलला, म्हणजे किती वैतागला असेल बघा. मी फोन आपटला.

म्हटलं, निदान फोटो बघून तरी घेऊ. वहिनी गालांना हळद लावतेय तो फोटो उघडला.

या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. फोटो उघडला की पहिले एकदोन सेकंद कॅमेऱ्याने स्वतः रंगवलेली छबी दिसते, छान, उबदार. मग सॉफ्टवेअर ती पुसतं आणि मूळचा, कशाचाही हात न लागलेला फोटो समोर ठेवतं. एरवी मी लगेच फिल्म लावत असे, त्यामुळे मधला तो फोटो कधी निरखलाच नव्हता. आता लावायला काही नव्हतं. अवनी एक क्षण हसरी, गोरीगुलाबी दिसली, आणि मग माझ्यासमोर तिच्या चेहऱ्यावरचा सगळा गुलाबी उतरून गेला. डोळे पिवळे राहिले.

पहिला विचार मांडवाच्या कापडाचा आला. साहजिक होतं, उजेडच पिवळा. त्यावर उपाय असतो. फोटोतली एखादी पक्की पांढरी वस्तू सॉफ्टवेअरला दाखवायची, की ते बाकीचे रंग त्याप्रमाणे सुधारतं. मी पाटाभोवतीची पांढरी रांगोळी दाखवली. कापडाचा पिवळा एका झटक्यात निघून गेला. रांगोळी पांढरी झाली, मागच्या खुर्च्या पांढऱ्या झाल्या, वहिनीच्या डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा झाला. अवनीचा नाही झाला.

मी चष्मा पुसला. फोटो मोठा केला. गालावर हळद होती, कपाळावर होती, कानाच्या पाळीला होती. पण हळद डोळ्यांच्या आत कशी जाईल?

तरी मन कसं असतं बघा, मी सॉफ्टवेअरलाच दोष देत बसले. अपडेटमध्ये काहीतरी बिघडलंय, रंगच चुकीचे दाखवतंय, पुष्करने वाट लावली. म्हणून मी नोव्हेंबरातला साखरपुड्याचा फोटो उघडला. त्याची फिल्मही गेली होती. तोही मूळच्या रंगात आला, उघडावाघडा. त्यात अवनीचे डोळे पांढरेशुभ्र होते.

मी एकामागून एक सकाळचे फोटो उघडत गेले. प्रत्येक वेळी तेच. आधी क्षणभर नवरी, मग आजारी पोर. तळहात पिवळे, नखांच्या मुळाशी पिवळं. गॉगलमधल्या फोटोंतही गॉगलच्या कडेने तो पिवळा डोकावत होता. तो उखाण्याचा फोटो आला. बायका हसतायत, मयुरा टाळ्या पिटतेय, आणि मधे अवनी. मी तो मोठा केला. ती लाजली नव्हती. तिचा चेहरा घाबरलेला होता. तिला नाव आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हे तिला कळत होतं. इतक्या जणी समोर होतो, एकीलाही दिसलं नाही.

मी लॅपटॉप तसाच उचलून स्वयंपाकघरात गेले. वहिनी रुखवताच्या करंज्या मांडत होती.

"वहिनी, अवनीचे डोळे बघ."

"अय्या, किती गोड आलाय. पण रंग असा काय?"

"रंग असाच आहे. तिला कावीळ झालीय."

वहिनीच्या हातातली करंजी तशीच राहिली. मग तिचा चेहरा कडक झाला. "अरुणा, उद्या लग्न आहे. हळदीच्या दिवशी हे असलं अभद्र बोलू नकोस. तुझं ते मशीन बिघडलंय, मघापासून तूच ओरडतेयस ना?"

"मशीन बिघडलं म्हणूनच दिसलं गं."

"हळू बोल. मयुरा बाहेर बसलीय." तिचा आवाज एकदम खाली गेला, आणि मला कळलं की तिलाही भीती वाटतेय, फक्त वेगळ्या गोष्टीची. "दुसऱ्यांदा तारीख मोडली तर लोक काय म्हणतील? तुला नाही कळायचं ते."

मला नाही कळायचं, कारण मी लग्न केलं नाही. हे मी पस्तीस वर्षं ऐकत आलेय, आणि दर वेळी तोडीस तोड उत्तर दिलंय. त्या दिवशी दिलं नाही. भीतीने माझा सगळा तोरा गिळून टाकला होता. मी लॅपटॉप करंज्यांच्या शेजारी ठेवला आणि अवनीच्या खोलीत गेले.

पडदे ओढलेले, पिवळा दिवा लावलेला. मी तिला उठवलं, हाताला धरून बाल्कनीत नेलं. बाहेर चौदाव्या मजल्यावरचं फेब्रुवारीचं स्वच्छ ऊन होतं, समोर अर्धवट बांधलेले टॉवर. मी तिची हनुवटी वर केली. देवा रे. फोटोत होतं त्याहून जास्त होतं.

"तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "ऑफिसच्या वॉशरूममध्ये दिसलं होतं मागे. तिथे ट्यूबलाइट आहे ना. लघवीपण लाल होतेय. आत्या, आईला नको सांगू. एकदा तारीख मोडलीय. लग्न होऊ दे, मग जाते ना डॉक्टरकडे. प्रॉमिस. फोटोत तू करशीलच ना नीट."

म्हणून गॉगल. म्हणून माझी फिल्म. आणि मी मेली खूश झाले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला जवळ घेतलं, तर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "आज लग्न आहे ना गं?"

"उद्या आहे, बाळा."

"हो, हो. उद्या." थोड्या वेळाने पुन्हा, "आज लग्न आहे ना?"

मी वळले तर बाल्कनीच्या दारात वहिनी उभी होती. लॅपटॉप तिने छातीशी धरला होता. तिने ऐकलं होतं, आणि उन्हात लेकीचे डोळेही पाहिले होते. ती आत जाऊन अवनीच्या चपला घेऊन आली आणि खाली बसून तिच्या पायांत घालायला लागली. एक चप्पल उलट्या पायात घालत होती, ते तिला कळत नव्हतं.

हॉस्पिटल जवळच होतं, पण पुष्करने गाडी अशी चालवली की मी जीव मुठीत धरून बसले. दादा पुढे बसून सारखा म्हणत होता, "कावीळच ना? कावीळ बरी होते. आपल्या सगळ्यांना झालीय लहानपणी."

इमर्जन्सीत पिवळ्या कपड्यांतली एवढी माणसं बघून नर्स हसली. "हल्दी से सीधे आ गए?" तिने ओल्या कापसाने अवनीचा हात पुसायला घेतला, सलाइन लावायला जागा हवी होती. पहिला कापूस पिवळाधमक निघाला. दुसरा जरासा. तिसरा अगदी पांढरा निघाला, आणि हात तेवढाच पिवळा राहिला. नर्स हसायची थांबली. तिने डॉक्टरला हाक मारली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने अवनीला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगितले. ते पंजे आपोआप पडत होते, वर येत होते, पुन्हा पडत होते. "आज कौन सा दिन है, अवनी?"

"हळद," अवनी म्हणाली.

डॉक्टरने आमच्याकडे पाहिलं. "क्या बोल रही है?"

"सही बोल रही है," दादा घाईघाईने म्हणाला. "आज हल्दी ही थी."

पण डॉक्टर मान हलवत होती. तिने आम्हाला बाजूला घेतलं. लिव्हर फार सुजलंय, त्याचं विष आता मेंदूपर्यंत जायला लागलंय. दूषित पाण्यातून होतं असं, आणि वर तापाच्या गोळ्या. आयसीयूत हलवावं लागेल. लिव्हर आपलं आपण सावरलं तर ठीक, नाही तर बदलायची वेळ येईल. "आज की रात देखते हैं. कल तक मत पूछिए." उद्या अकराचा मुहूर्त होता. वहिनी तिथेच, पिवळ्या पैठणीत, फरशीवर बसली.

मी अवनीपाशी थांबले. वरचा पांढरा दिवा थेट तिच्या तोंडावर होता. तिने डोळ्यांवर हात घेतला. "आत्या, तुझी फिल्म लाव ना. सगळे बघतायत."

"नाही लावायची आता," मी म्हणाले. "बघू दे त्यांना नीट."

पुष्कर माझ्या मागे येऊन उभा राहिला. हातातला फोन पुढे करून हळूच म्हणाला, "आत्या, सापडला तो फोल्डर. सपोर्टवाल्यांनी लिंक पाठवलीय. प्रीसेट येतील परत." त्यालाही काहीतरी दुरुस्त करायचं होतं, बिचाऱ्याला. मी त्याचा हात दाबला आणि फोन त्याच्या खिशात ठेवला.

तेवढ्यात अंशुमन आला. मयुराने त्याला कळवलं असणार. करोल बागेतून तो तसाच निघाला होता, कानामागे हळद सुकलेली, कुर्त्यावर डाग. त्याच्यामागे त्याचे आईवडील होते, आणि वहिनीने त्यांना पाहून तोंडावर पदर घेतला. मला कशाचीच पर्वा नव्हती. मला एकच जाणून घ्यायचं होतं, आणि ते डॉक्टरच्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा मला लवकर कळणार होतं.

"अवनी," मी म्हटलं, "बघ कोण आलंय. तो उखाणा घे ना."

अवनी हसली. शहाण्या मुलीसारखी सरळ व्हायला गेली. "यमुनेच्या पुलावरून मेट्रो जाते नोएडाला," ती म्हणाली. आणि थांबली.

तिने अंशुमनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तीच फोटोतली भीती आली. लाजली, असं या वेळी कोणी म्हटलं नाही.

अंशुमन पुढे झाला. तिचा तो पुसून पुसून पिवळाच राहिलेला हात त्याने दोन्ही हातांत धरला आणि स्वतःचं नाव तिला हळूहळू सांगितलं, लहान मुलाला शिकवतात तसं. "अं-शु-मन."

"अंशुमन," ती म्हणाली. मग डोळे मिटले.

वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. तिला आत नेईपर्यंत अंशुमन बाजूने चालत राहिला आणि तेवढा एकच शब्द पुन्हा पुन्हा सांगत राहिला. दार बंद झालं तरी त्याचं सांगणं चालूच होतं.